गडग्याच्या कडेने

पौष सरत आला की आमच्या आवारातल्या कलमांना मोहोर येतो. तो आला हे मला डोळ्यांआधी नाकाला कळतं. सकाळी मागचं दार उघडलं की गोडसर, थोडा आंबूस, थोडा धुळकट असा वास घरात शिरतो आणि दुपारी ऊन चढेपर्यंत तिथंच घुटमळतो. यंदा मोहोराबरोबर लेकीचे फोनही सुरू झाले. तिला बंगळूरला नोकरी लागली आहे आणि ती राहायला जागा शोधते आहे. आठ दिवस झाले, ती मला मोबाइलवर नकाशे पाठवते आहे. त्यावर लाल टिकल्या, निळ्या रेघा आणि मिनिटं. "आई, हा एरिया बघ, ऑफिसपासून बारा मिनिटं. हा दुसरा स्वस्त आहे, पण पाणी टँकरचं." मी चष्मा पुसून बघते, हं हं म्हणते आणि मला ओ की ठो कळत नाही.

काल तिनं विचारलं, "तू पहिल्यांदा रत्नागिरीला आलीस तेव्हा जागा कशी निवडलीस गं?"

मी म्हटलं, "तुझ्या आजोबांनी हातानं चाचपून."

तिला वाटलं, मी थट्टा करते आहे. ती हसली आणि तिनं आणखी एक नकाशा पाठवला. तिनं आजोबांना पाहिलेलं नाही. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ मागच्या पायरीवर बसून राहिले. मोहोराचा वास येत होता आणि मला त्या वर्षीचा पौष, माघ आणि फाल्गुन एकामागून एक आठवत होते. वय झालं की असं होतं. चूल पेटवायला जावं आणि मधेच तीस-चाळीस वर्षं मागे जाऊन बसावं.

चौऱ्याऐंशी साल. मी पंचवीस वर्षांची, मिरजेची, रसायनशास्त्राची पदवी घेतलेली आणि लग्न न जमलेली. रत्नागिरीजवळ मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत फळांचा रस डबाबंद करण्याचा एक कारखाना होता, तिथल्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली. रसाची गोडी मोजायची, आंबटपणा मोजायचा, वहीत लिहायचं. घरात चर्चा सुरू झाली. मावशीनं तर हातच जोडले. "कोकणात? एकटी मुलगी? तिथं दोन घरांच्या मध्ये एक डोंगर असतो म्हणतात." अण्णा कोपऱ्यात बसले होते. सगळ्यांचं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "एकटी कशाला? मी जातो की बरोबर."

अण्णा म्हणजे माझे वडील. तीस वर्षं त्यांनी मिरजेत टपाल वाटलं होतं. गल्लीबोळ त्यांच्या पायांना पाठ. मग काचबिंदूनं डोळे गेले. एकदम नाही, कडेकडेनं विझत गेले. आम्ही रत्नागिरीला निघालो तेव्हा त्यांना उजेड कळायचा, अंधार कळायचा आणि समोर कुणी उभं असेल तर एक काळसर आकार. बस्स.

मिरजेत चालायला त्यांना डोळे लागत नव्हते. पण ज्या ज्या दारात त्यांनी पत्रं टाकली होती, त्या त्या दारातून आता आवाज यायचा. "अण्णा, जपून हं." "अण्णा, हात धरू का?" "अरेरे, काय माणूस होता!" होता म्हणायचे हो, त्यांच्या देखत. शेवटी अण्णांनी बाहेर जाणं सोडलं. थोरल्या दादाच्या घरी खिडकीजवळच्या खाटेवर ते बसून राहायचे. दादा-वहिनी चांगली माणसं. वेळच्या वेळी चहा, वेळच्या वेळी ताट. पण खाटेवर बसून बसून अण्णांचे पाय बारीक होत चालले होते आणि ते मला बघवत नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी ते मला म्हणाले, "सुमे, एक अट आहे. तिथं कुणाला सांगायचं नाही."

"काय सांगायचं नाही?"

"तुला माहितीये काय ते. आणि मी चालत असताना मधे पडायचं नाही."

दादानं त्याची अट घातली. गुढीपाडव्यापर्यंत बघा. तोवर अण्णा आपले आपण हिंडू-फिरू लागले तर ठीक, नाहीतर पाडव्याला मी न्यायला येणार. तिघांनी ते मान्य केलं. दिवाळी नुकतीच झाली होती. पाडव्याला साडेचार महिने होते आणि मला ते पुष्कळ वाटले.

आता लेक विचारते, जवळ काय काय आहे ते बघावं ना? आम्हीही बघितलं. कारखान्यातल्या एका बाईंनी बाजारपेठेतल्या एका आळीत खोली दाखवली. माडीवरची, खाली किराणा दुकान. जिना लाकडी. अण्णा मुकाट्यानं चढले, मुकाट्यानं उतरले आणि खाली आल्यावर म्हणाले, "अकरा पायऱ्या. आठवी ढिली आहे. जिना जमेल, रस्ता जमायचा नाही." रस्त्यावर हातगाड्या होत्या, रिक्षा होत्या, आणि दुकानाबाहेर रोज वेगळ्या जागी ठेवली जाणारी पोती होती.

मग समुद्राकाठी, मांडवीला गेलो. मी देशावरची पोर. समुद्र दिसणारी खिडकी पाहिली आणि तिथंच वाहून गेले. घरमालकाशी बोलणंही सुरू केलं. अण्णा बाहेर वाळूत उभे होते. मी आनंदानं जवळ गेले, तर ते म्हणाले, "हा थांबतच नाही का गं?"

"कोण?"

"समुद्र. सगळीकडून एकच आवाज येतोय. घर कुठल्या अंगाला राहिलं ते कळेना मला."

मला राग आला. खोटं कशाला सांगू? मनात आलं, नोकरी माझी, पगार माझा, आणि एवढी सोन्यासारखी खिडकी यांच्या कानांपायी सोडायची? चार पावलं तशीच फणकाऱ्यात चालले आणि मग मागे वळून पाहिलं. ते वाळूत हळूहळू वळत होते, माझ्या पावलांचा आवाज शोधत. मी परत गेले.

शेवटी मी माझी अक्कल चालवली. कारखान्याजवळ सड्यावर नवी वसाहत झाली होती. चार इमारती, तळमजल्यावर दोन खोल्या, रस्ते सरळ, जमीन सपाट. ना जिना, ना गर्दी, ना समुद्र. अंधुक दिसणाऱ्या माणसाला याहून चांगलं काय असणार? मी स्वतःवरच खूष होते.

सडा म्हणजे जांभ्या कातळाचं माळरान. कार्तिकात त्यावर गुडघाभर गवत पिवळं पडलेलं असतं आणि वारा त्यातून सारखा वाहत असतो. राहायला गेल्यावर चौथ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी घरी आले, तर दार उघडं आणि अण्णा घरात नाहीत. इमारतीला वळसा घातला. तीसेक पावलांवर, उघड्या कातळावर, भर उन्हात ते मांडी घालून बसले होते. टोपी काढून मांडीवर ठेवलेली. वाट चुकल्यावर ते सरळ खाली बसले होते, म्हणजे कुणाला संशय यायला नको. मी आल्याचं कळल्यावर म्हणाले, "ऊन खातोय जरा." डोक्यावर घाम होता. मीही म्हटलं, "बरं, जेवायला चला." आणि आवाज करत पुढे चालले, म्हणजे त्यांना मागे येता यावं. घरात आल्यावर मी मोरीत जाऊन रडले.

सपाट, सरळ, मोकळं. त्यात हाताला लागण्यासारखं काहीच नव्हतं. हे मला इतकं साधं कळू नये?

त्यानंतर पौष सरत येईपर्यंत अण्णा खोलीबाहेर पडले नाहीत. मिरजेच्या खाटेऐवजी इथली खाट, एवढाच फरक. मी संध्याकाळी येऊन दिवसभराच्या गमती सांगायची. ते ऐकायचे आणि मधेच विचारायचे, "पाडव्याला किती दिवस राहिले गं?"

कारखान्यातून शहराकडे उतरणारी एक आडवाट होती. उतारावरच्या वाडीतून खाली सडकेला लागणारी. एका रविवारी मी अण्णांना जबरदस्तीनं उठवलं. म्हटलं, मोहोर आलाय, वास तरी घ्या. त्यांचा हात धरून सडा ओलांडला आणि वाडीच्या तोंडाशी आले. तिथून पाखाडी सुरू व्हायची, म्हणजे दगडी पायऱ्यांची उतरती वाट. ती पाहून मी थबकलेच. वेड्यावाकड्या पायऱ्या, मधे वळणं. डोळस माणसानंही जपून उतरावं अशी. वाटेच्या दोन्ही अंगांना कंबरेएवढा गडगा होता. जांभ्याचे दगड एकावर एक रचलेले, मधे माती नाही की चुना नाही.

मी "परत फिरू या" म्हणणार तोच अण्णांचा डावा हात त्या दगडांना लागला. त्यांनी तो तिथंच ठेवला. मग उजवा हात माझ्या हातातून सोडवून घेतला.

आणि ते चालू लागले. हात गडग्यावरून सरकत होता, पाय पायरी हुडकत होता. पहिल्या वळणावर क्षणभर थांबले, दगडाचा कोपरा हातानं गोल चाचपला आणि वळले. मी मागे. बोलायचं नाही हे ठरलेलंच होतं. "इथं गोठा आहे," ते म्हणाले. होता. "इथं भात शिजतोय." शिजत होता. एके ठिकाणी हात मोकळा पडला, तर तिथं घरात जायची वाट होती. अण्णांनी दोन पावलं अंदाजानं टाकली आणि पुढचा गडगा पकडला. तीन महिन्यांत त्यांची इतकी पावलं सलग पडलेली मी पाहिली नव्हती.

खाली एका घरापुढच्या खळ्यात एक बाई कुळथाच्या शेंगा बडवत होत्या. चाळिशीच्या, काटक, कासोटा घातलेल्या. त्यांनी काठी थांबवली. "कोन गो बाय? कोनाकडं आलांव?"

माझ्याआधी अण्णा बोलले. "जागा मिळेल का भाड्यानं?"

मी बघतच राहिले. त्या बाईही बघत राहिल्या. "पडवीच्या दोन खोल्या हायत," त्या म्हणाल्या, "पन तुमी बिल्डिंगीतली मानसं दिसतांव. हितं पानी इहिरीवरनं आनायचं. लाइट कवा हाय, कवा नाय."

"चालेल की," अण्णा म्हणाले.

या भागीकाकू. त्यांचे यजमान मुंबईला गिरणीत, वर्षातून शिमग्याला आणि गणपतीला येणारे. त्या आठवड्यातच आम्ही सामान हलवलं. कारखान्यातल्या बाई म्हणाल्या, "चांगली वसाहत सोडून पाखाडीवर? म्हाताऱ्या माणसाला घेऊन?" मी काय सांगणार? सांगायचं नाही, हीच तर अट होती.

मग माघ आला. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा महिना असेल. सकाळी धुकं, कौलांतून वर निघणारा चुलींचा धूर, शेतांत राबाचा पालापाचोळा भाजल्याचा करपट वास आणि त्या सगळ्यावर मोहोर. अण्णा उठायचे, टोपी घालायचे आणि गडग्याच्या कडेनं खाली सडकेपर्यंत जायचे. सडकेच्या तोंडाशी दाऊदचाचांची टपरी होती. चहा, बिडीकाडी, बिस्किटं. दाऊदचाचा पंचवीस वर्षं बोटीवर खलाशी होते. पेपर मोठ्यानं वाचायची त्यांना सवय होती. "मनात वाचलेला माज्या ध्यानात ऱ्हात नाय वो," ते म्हणायचे. अण्णांना ही सवय फार आवडली.

वाडीची पत्रं टपालवाला चाचांकडेच ठेवून जायचा. घरटी एक माणूस मुंबईला, त्यामुळं पत्रं बरीच असायची. एक दिवस अण्णा म्हणाले, "द्या इकडं, मी वर चाललोच आहे." चाचांनी एकेक नाव वाचायचं, अण्णांनी वाटेवरच्या घरांच्या क्रमानं पत्रं हातात लावून घ्यायची आणि वर येताना दारादारात द्यायची. त्या दिवसापासून ते रोज दाढी करू लागले.

आणि वाडीची एक पद्धत आम्हा दोघांना भारी आवडली. वाटेत कुणी भेटलं की माणसं आपणहून नाव सांगायची. "मी दत्ताराम, वो अण्णा, इहिरीवर चाल्लो." "मी शेवंती. डोक्यावर गवताचा भारा हाय, जरा कडेला व्हा." अण्णा कौतुकानं म्हणायचे, "बघ सुमे, काय चांगली रीत आहे. मिरजेत कुणी असं सांगत नाही." मी दादाला पत्रात हौसेनं लिहिलंसुद्धा. अण्णा रोज एकटे सडकेपर्यंत जाऊन येतात आणि कोकणातली माणसं भेटल्यावर आधी नाव सांगतात म्हणून. दादानं उलट टपाली लिहिलं, अण्णा असेच राहणार असतील तर मी पाडव्याला येत नाही.

आज हे लिहिताना मला माझंच हसू येतं. शास्त्र शिकलेली मुलगी, गोडीचे अंश दशांशापर्यंत मोजणारी. या वाडीत माणसं एकमेकांना कधी नाव सांगून भेटत नाहीत, हे दोन महिन्यांत माझ्या लक्षात आलं नाही. वाटेवर पूर्वी लाकडांच्या मोळ्या पडायच्या, त्या आम्ही आल्यापासून पडत नव्हत्या, हेही मला कळायचं काही कारण नव्हतं. आधीची वाट मी बघितलीच कुठं होती?

फाल्गुन लागला आणि वाडीत कोयते निघाले. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघरी येते. खांदेकऱ्यांना चालता यावं म्हणून वाट साफ करायची असते; फांद्या तोडायच्या, झुडपं काढायची. पाखाडीच्या मधल्या वळणावर वाट इतकी अरुंद की पालखीचा दांडा वळत नाही. म्हणून दर शिमग्याला तिथला दोन-तीन हात गडगा उतरवायचा आणि पालखी गेली की पुन्हा रचायचा, अशी जुनी वहिवाट. त्या वर्षी ते काम पालखी येईल त्या सकाळी, अगदी शेवटी करायचं, असं वाडीत ठरलं होतं. का ते मला नंतर कळलं.

पण होळीच्या दोन दिवस आधी मुंबईचे चाकरमानी उतरले. वर्षभर यंत्रांपुढं उभी राहिलेली माणसं, गावच्या कामाला हपापलेली. चहा पिऊन ते थेट वळणावर गेले आणि अर्ध्या तासात गडगा उतरवून मोकळे. त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

मला त्या दिवशी सुट्टी होती. मी वर खळ्यात कपडे वाळत घालत होते. अण्णा टोपी घालून निघाले होते. उतारावर त्यांची पाठ दिसत होती. वळणाशी पोचले आणि त्यांचा हात हवेत पडला. त्यांनी दोन पावलं अंदाजानं टाकली. गडगा नाही. आणखी एक. तरीही नाही. पायाखाली पायरीऐवजी सुटे दगड. ते थांबले. हात पुढे तसाच.

"काका, व्हा की फुडं! वाट मोटी केलीय तुमच्यासाटी," एक चाकरमानी हसत म्हणाला. दुसरे दोघं हसले. वाईट मनानं नव्हे.

मी ओला टॉवेल हातात धरून उभी. धावावं तर अट मोडते, न धावावं तर... माझ्या पायांनी काय ठरवलं असतं, मला आजही सांगता येत नाही. त्याआधीच विहिरीकडून भागीकाकू कळशी टाकून पळत आल्या. त्या हसणाऱ्यांत त्यांचे यजमानही होते.

"जल्ला मेला तुमचा उत्साव! इचारल्याशिवाय गडगा पाडलांव? त्यांना दिसत नाय, म्हायत नाय तुमाला?"

बोलून गेल्या आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला. पण वाडीभर ऐकू गेलं होतं. कोयते थांबले. शेवंती पायरीवरच उभी राहिली. आणि कुणीही चकित झालं नाही, त्या तीन चाकरमान्यांखेरीज. कुणी चकित न होणं अण्णांनाही ऐकू आलं असणार. वाडीतल्या कुणाच्या तोंडून साधं "अगं बाई" निघालं नाही.

अण्णा वळले. मागे येऊन गडगा पकडला आणि एकेक पायरी चढत वर आले. माझ्याजवळून जाताना म्हणाले, "तू सांगितलंस?"

"नाही अण्णा. शपथ."

ते खोलीत जाऊन खाटेवर बसले. मग म्हणाले, "म्हणजे मी एकटा चालत नव्हतो तर." थोड्या वेळानं, "नावं सांगायचे ते त्यासाठी होय." आणि मग, "दादाला पत्र लिही. पाडव्याला घेऊन जा म्हणावं."

मी पत्र लिहिलं. लिहिताना मला वाडीचाच राग आला होता. त्यांनी दयाच केली ना शेवटी? मिरजेत तोंडावर केली, इथं पाठीमागं. टपालसुद्धा त्यांच्या हातात कौतुकानं दिलेलं. मग दोन्ही गावांत फरक तो काय?

संध्याकाळी भागीकाकू आल्या. दारातच उभ्या राहिल्या. त्यांनी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. चहाचा कप पुढं केला तेव्हा अण्णांचा हात कपाच्या अलीकडं थांबला होता. त्याच संध्याकाळी विहिरीवर त्यांनी सगळ्या बायांना ताकीद दिली होती. वाटेत काही ठेवायचं नाही, भेटलं की नाव सांगायचं, आणि त्यांना कळू द्यायचं नाही. हे त्यांनी सगळं सांगून टाकलं. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "अण्णा, माजा घोव वर्षातनं पंधरा दिवस घरात. बाकीचं दिवस मी कशी काडते ता वाडीला म्हायत नाय व्हय? कवा आजारी असते, कवा रडते, समद्यांना म्हायत. कोन बोलून दाकवतो? शेवंतीचा पोरगा घरातनं पळाला, दत्तारामाला रात्रीचं फीट येतं. हितं सगळ्यांचं सगळ्यांना म्हायत असतं. म्हनून तर ऱ्हाता येतं."

त्या गेल्या. मी पत्र टेबलावर ठेवलं होतं, तिकीट लावून.

दुसऱ्या दिवशी वळणावर, पडलेल्या गडग्याच्या जागी, त्या तीन चाकरमान्यांनी दोन बांबू रोवून काथ्याची दोरी ताणून बांधली. बरोबर कंबरेएवढ्या उंचीवर. मी अण्णांना सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि खाटेवरून उठले नाहीत. होळी झाली. होम पेटला. ढोल ऐकू यायचे. दोरीला कुणाचाही हात लागला नाही आणि मला कामावरून येता-जाता तिच्याकडं बघवायचं नाही.

होळीनंतर पाचव्या दिवशी सकाळी पालखी आमच्या वाडीत आली. दोरी सोडली होती. ढोल-ताशे, अबीर, झेंडूचा वास, आणि खांद्यांवर नाचत येणारी पालखी. भागीकाकूंचं खळं माणसांनी भरून गेलं. पालखी खाली टेकवली. काकूंनी ओटी भरली. मग गाऱ्हाणं. घराच्या नावानं देवापुढं मागणं मांडायचं, वाडीचे मानकरी तात्या ते मोठ्यानं म्हणायचे, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणून साथ द्यायची. काकूंचं गाऱ्हाणं झालं. यजमानांच्या गिरणीचं, म्हशीच्या दुधाचं, कलमांच्या मोहोराचं. मग तात्या जरा घुटमळले. भाडेकरूंचा नारळ काकूंनी वेगळा ठेवला होता.

पडवीच्या दारात अण्णा उभे होते. ते केव्हा उठले, मला कळलंच नाही. टोपी घातलेली, दाढी केलेली. हात चौकटीवर.

तात्या म्हणाले, "अण्णा, देवाला काय सांगू?"

काय मागणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही वाटलं, डोळे मागतील. माणूस दुसरं काय मागणार?

"मला दिसत नाही," अण्णा म्हणाले. त्यांनी हे मोठ्यानं म्हटलेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. "ते आधी सांगा त्याला. लपवायला नको."

तात्यांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या तुज्या पाव्हन्याला दिसत नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी एका दमात ओरडली. इतक्या जोरात की ताशा नुसत्या आवाजानं वाजला. आणि अण्णा हसले. डोळे गेल्यापासून असे हसले नव्हते. मग हात वर करून त्यांनी तात्यांना थांबवलं.

"पाव्हणा नव्हे. असं मोघम सांगून भागत नाही तात्या, तीस वर्षं हेच काम केलंय मी. पत्ता पुरा सांगावा लागतो, नाहीतर पोचत नाही." आणि ते ताठ उभे राहिले, पूर्वी मिरजेत कुणाच्या दारात उभे राहायचे तसे. "शंकर गोविंद. राहणार भागीरथीबाईंची पडवी. पाखाडीची वाट, गडग्याच्या डाव्या अंगाला चौथं घर. मुक्काम हीच वाडी, तालुका रत्नागिरी."

तात्यांनी एक शब्द न गाळता सगळा पत्ता देवाला सांगितला.

"व्हय म्हाराजा!"